एक रतल धान्य आणि एक कोयता

आमच्या माळेगाव बुद्रुकमध्ये एखाद्याची जमीन कुठे आहे असं विचारलं, तर बहुतेक वेळा एका शब्दात उत्तर मिळतं. 'कालव्याखाली' किंवा 'कालव्यावर'. (बाहेरच्या वाचकांसाठी: हे नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव नव्हे, आणि खंडोबाच्या जत्रेचं नांदेडकडचं माळेगावही नव्हे. बारामतीहून नीरेकडे जाताना लागणारं, साखर कारखान्याचं माळेगाव.) खाली म्हणजे नीरा डावा कालवा आणि नीरा नदी यांच्या मधला पट्टा. तिथे ऊस, विहिरीला पाणी, पोरं शिकलेली. वर म्हणजे जिरायत, सुप्याकडे, मोरगावकडे पसरलेलं माळरान. पूर्वी मुलगी देताना पाहुणे आधी हेच विचारायचे, मुलाचं शिक्षण नंतर. तालुका एकच, पण मधून एक रेघ गेलेली.

ही रेघ डोक्यात यायचं कारण म्हणजे गेले काही दिवस मी मायकेल मार्मट या इंग्रज डॉक्टरांबद्दल वाचतोय. लंडनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांच्या तब्येतीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. व्हाइटहॉल हा तिकडच्या सरकारी कचेऱ्यांचा भाग, म्हणून त्याला 'व्हाइटहॉल अभ्यास' म्हणतात. यातले सगळे नोकरदार. उपाशी कुणी नाही, दवाखाना सरकारी आणि फुकट. तरीही सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सगळ्यात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. गंमत (गंमत कसली!) अशी की फरक फक्त साहेब आणि शिपाई यांच्यात नव्हता. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्या पायरीपेक्षा थोडा लवकर मरत होता. विड्या-सिगारेटी, रक्तदाब हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरत होता. मार्मट यांचं पुढचं आयुष्य याच कोड्यात गेलं. आपल्या कामावर आपला स्वतःचा ताबा किती, ही गोष्ट त्यात फार महत्त्वाची आहे असं त्यांना दिसत गेलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या सामाजिक कारणांवर एक आयोग नेमला (२००५ ते २००८), त्याचे अध्यक्षही तेच होते.

वाचताना मला सारखं वाटत होतं की असा जिना बघायला लंडनला जायची गरज नाही. आमच्याकडे डिसेंबरात कुठल्याही ऊसपट्ट्यातल्या कारखान्याच्या गेटवर तासभर उभं राहिलं तरी दिसतो. पण तो बांधला कधी, हे शोधायला लागलो आणि थेट कालव्याच्या खोदाईपर्यंत गेलो.

१८७६ साली पाऊस गेला. दख्खनचा मोठा दुष्काळ. नीरा डाव्या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणून त्याच साली सुरू झालं. (पाणी यायला १८८५ उजाडलं.) आमच्या भागात त्याच्या आदल्याच वर्षी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून चार मार्कांना असलेला धडा तो हाच. म्हणजे कर्जाने आधीच वाकलेली माणसं, त्यात दुष्काळ, आणि मग खडी फोडायला आणि माती वाहायला ती कामावर आली.

तर या कामांवरच्या मजुरीची एक गोष्ट आहे. १८७७ च्या सुरुवातीला व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना मद्रास आणि मुंबई इलाख्यात दुष्काळी खर्चावर नजर ठेवायला पाठवलं. खर्च फार होतोय, असं सरकारचं मत. टेंपल साहेबांनी ठरवलं की पुरुष मजुराला दिवसाला एक रतल धान्य आणि एक आणा पुरे. रतल म्हणजे पौंड, साधारण साडेचारशे ग्रॅम. बायका आणि कामावरची मुलं, त्यांना आणखी थोडं कमी. याच्या बदल्यात दिवसभर उन्हात अंगमेहनत. याला 'टेंपल वेज' असं नावच पडलं.

मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम कॉर्निश यांनी याला कडकडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की एवढ्या धान्यावर काम करणारा माणूस हळूहळू स्वतःचंच शरीर खातो, आणि हे एका दिवसात दिसत नाही म्हणून साहेबाला पटत नाही. इकडे पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सार्वजनिक सभेने सरकारला पत्रांवर पत्रं धाडली. तुरुंगातल्या कैद्यालाही याहून जास्त खायला मिळतं, हा मुद्दा त्या काळात मांडला गेला होता. मजुरांनी त्याहून सोपी गोष्ट केली. मुंबई इलाख्यात हजारोंनी काम टाकलं आणि ते निघून गेले. उपाशी माणसांनी दुष्काळी कामावर संप करणं ही काय ताकदीची गोष्ट आहे! मद्रासमध्ये काही महिन्यांत मजुरीचं धान्य वाढवावं लागलं. टेंपल मात्र त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

मला यातला सगळ्यात लक्षात राहिलेला भाग वेगळाच आहे. पाऊस पडला, दुष्काळ 'संपला', आणि त्यानंतर माणसं मोठ्या संख्येने हिवतापाने मेली. या दुष्काळात ब्रिटिश मुलखात गेलेल्या लोकांचा एक नेहमी दिला जाणारा अंदाज ५५ लाखांच्या आसपासचा आहे, आणि त्यातले कितीतरी कागदोपत्री उपासमारीने मेलेले नाहीत. त्या काळच्या मृत्यूच्या नोंदी पाहिल्या तर रकाने असायचे: ताप, पटकी, देवी, हगवण. 'एक रतल धान्य' असा रकाना कुठे नव्हता. डास सगळ्यांनाच चावला होता. कोण उठलं आणि कोण गेलं, हे मात्र आदल्या वर्षी पोटात काय गेलं होतं त्यावर बरंचसं ठरलं होतं.

असो. कालवा झाला, पाणी आलं. पुढचा इतिहास इकडच्या लोकांना तोंडपाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. सासवडचे माळी बागाईतदार इकडे आले, खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं घातली. पाणी जास्त झालं तिथे जमिनी चोपण झाल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अभ्यास करून लिहिलं. (हे मान मोठे विलक्षण गृहस्थ. मातीचा अभ्यास करता करता ते माणसांच्या जमाखर्चापर्यंत पोचले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये घरोघरी हिशेब मांडून त्यांनी १९१७ साली दाखवून दिलं की बहुसंख्य कुटुंबांचं शेतीवर भागतच नाही. आज त्या पिंपळे सौदागरमध्ये फ्लॅटचे भाव विचारायची सोय नाही!) १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, आणि त्याच दशकात आमच्या पट्ट्यातही सहकारी कारखाने निघाले. माळेगावचा त्यातलाच. शिवनगर, कॉलनी, शाळा, पुढे इंजिनिअरिंग आणि फार्मसी कॉलेज हे सगळं उसाच्या पैशावर झालं. आमच्या आजोबांचा त्यात शेअर होता, तो कागद त्यांनी देवघरात ठेवलेला होता. मी चार अक्षरं शिकलो तीही उसावरच, हे इथे सांगितलेलं बरं.

कालव्याखालच्या माणसाच्या तब्येतीला या सगळ्याने काय दिलं, तर भरपूर दिलं. दूध, भाजीपाला, पक्कं घर, नळ, हातात पैसा. आजारी पडलं तर बारामती, नाही तर पुणे. आमच्या घरात आजीच्या पिढीत दगावलेली मुलं मोजायला दोन्ही हात लागत, आईच्या पिढीत एका हाताची बोटं पुरली आणि आमच्यात सुदैवाने एकही नाही. हे औषधांमुळे झालं तितकंच पाटाच्या पाण्यामुळे झालं, असं माझं मत आहे.

पण मग ऊस तोडायचा कुणी?

ज्याच्याकडे पाणी आहे तो आपल्या हाताने ऊस तोडत नाही. तोडायला आले ते पाणी नसलेल्या मुलखातून. बीड, पाथर्डी, आष्टी, जामखेड, जालना, परभणीकडून. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ फार वाढला. दसरा-दिवाळीला गावं रिकामी होतात आणि पट्टा पडला की, म्हणजे गाळप संपलं की, मार्च-एप्रिलमध्ये परत भरतात. वंजारी, बंजारा, दलित, भिल्ल, आणि जिरायत जमिनीवर न भागणारे मराठेही. राज्यात अशी आठ-दहा लाख माणसं दर वर्षी हलतात असं सांगितलं जातं.

यांच्या कामाची भाषा जरा समजून घ्यायला हवी, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम मजुरांना पावसाळ्यातच 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. त्यातून बी-बियाणं, लग्न, आजारपण, मागची देणी भागतात. मग सहा महिने ती टनावर फेडायची. एखाद्या दिवशी कोयत्यातलं एक माणूस कामावर आलं नाही तर 'खाडा', आणि खाड्याचा दंड. २०१९ च्या सुमारास दिवसाला पाचशे रुपये दंडाच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. राहायला 'कोपी', उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची, वाकून आत जायचं. संडास-न्हाणीघर नाही. पहाटे चारला उठून भाकरी, मग फडात. पुरुष तोडतो, बाई पाला साळून मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. एक मोळी तीस-चाळीस किलोची. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरायचा. आडव्या लावलेल्या फळीवरून मोळी डोक्यावर घेऊन चढायचं.

मार्मट यांचा 'आपल्या कामावर आपला ताबा' हा शब्दप्रयोग वाचला तेव्हा मला ही फळीच आठवली.

आता थोडं घरातलं. आत्याला विचारून लिहितोय. (ती म्हणाली, 'लिही, पण वय लिहू नकोस.') आत्याला पस्तिशीत अंगावरून फार जायला लागलं. आठ-आठ, दहा-दहा दिवस. बारामतीला दाखवलं, सोनोग्राफी झाली, गाठ आहे पण लहान आहे म्हणाले. गोळ्या, रक्तवाढीची औषधं, दर महिन्याला तपासणी. दीड वर्ष हे चाललं. त्या काळात आत्या दुपारी झोपायची, भाजीचं टोपलं आई उचलायची. पुढे त्रास कमी झाला. आज आत्या सत्तरीकडे आली आहे, गर्भाशय शाबूत आहे, आणि ती दर वर्षी पायी आळंदीला जाते.

त्याच सुमाराला आमच्या रानात ऊस तोडायला येणारी बीडकडची एक बाई होती. नाव लिहीत नाही. आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो. ती आमच्या गुरांसाठी वाढ्याच्या पेंढ्या विकायला आणायची, आजीशी गप्पा मारायची. तिचा त्रास आत्यासारखाच होता, अंगावरून जायचं, पांढरं जायचं, कंबर दुखायची. एका वर्षी आली तेव्हा पिशवी काढलेली होती. आजीने विचारलं, अगं एवढ्या लवकर? तर ती म्हणाली, 'दर महिन्याला दवाखान्यात कोण बसंल माय? तिकडं बसलं की इकडं खाडा पडतोय. एकदाच काढून टाकली, कटकट मिटली.' पावसाळ्यात उचल मिळाली होती, त्यातूनच ऑपरेशनचे पैसे दिले. कुठल्याशा खासगी दवाखान्यात डॉक्टरने कॅन्सर होईल म्हणून सांगितलं होतं. तपासणी कसली झाली, हे तिला सांगता आलं नाही. चार महिन्यांनी ती आमच्या फडात मोळ्या उचलत होती. पुढच्या तीन-चार सालांत ती फार झपाट्याने म्हातारी दिसायला लागली, आणि मग तिच्या जागी तिची सून यायला लागली.

दोघींचा आजार बहुधा एकच. आत्याजवळ दीड वर्ष थांबायची सोय होती. ती सोय डॉक्टरने दिली नव्हती. भाजीचं टोपलं उचलायला दुसरं माणूस होतं, दिवस बुडाला तर कुणी दंड लावत नव्हतं, आणि घरात न्हाणीघर होतं. मावशीने केलेला हिशेब अजिबात चुकीचा नव्हता. बारा फेऱ्या म्हणजे बारा खाडे, ऑपरेशन म्हणजे एक खर्च आणि तोही पावसाळ्यात, जेव्हा खाडा नसतो. 'अडाणीपणा', 'अंधश्रद्धा' असले शब्द आपण इथे फार लवकर वापरतो. मला तर ती पक्की हिशेबी बाई वाटते. हिशेबातले आकडेच कुणी दुसऱ्याने लिहिलेले होते, इतकंच.

२०१९ साली हे सगळं एकदम वर्तमानपत्रांत आलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, म्हणून काटेकोर तुलना नको. पण एवढी मोठी तफावत नुसत्या पद्धतीतून येत नाही.

बातम्यांचा रोख साहजिकच खासगी दवाखान्यांवर होता. पैशासाठी पिशव्या काढल्या, वगैरे. ते खोटं नाही. पण मला वाटतं त्याने गोष्ट अर्धीच सांगितली जाते. डॉक्टर लबाड असला तरी त्याच्याकडे बाई आधीच दुखणं घेऊन येते. ते दुखणं कुठून येतं? १९८९ मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. जगाला तोवर वाटत होतं की खेड्यातल्या बाईचे प्रश्न म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. म्हणजे दुखणं सगळीकडेच होतं, झाकलेलं. त्यात कोपीतलं राहणं, पाण्याची टंचाई, आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून धरणं, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलणं. लवकर लग्न (कारण कोयत्याला जोडी लागते, एकट्या पोराला पूर्ण उचल मिळत नाही), लवकर बाळंतपणं. विशीत दोन-तीन मुलं, मग नसबंदी, मग तिशीत 'आता पिशवीचा काय उपयोग?' हा प्रश्न नवरा विचारतो, सासू विचारते, डॉक्टरही विचारतो. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हे त्यातलं कुणी सांगत नाही. आणि ज्या बाईचं सगळं आयुष्य हाडांवर आणि पाठीवर चाललंय, तिलाच ते कुणी सांगत नाही.

अभय बंगांचीच आणखी एक गोष्ट इथे आठवते, ती त्यांनी भाषणांतून अनेकदा सांगितली आहे. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे. मोठा माणूस, शंका नाही. शेतमजुराची किमान मजुरी ठरवणारी समितीही त्यांच्या अध्यक्षतेखालची. मजुरी निघाली दिवसाला चार रुपये. तरुण डॉ. बंग वर्ध्याला होते, त्यांनी ती मजुरी कशी काढली ते मुळातून तपासलं. मजुराला किती उष्मांक लागतात, घरात किती खाणारी तोंडं, डाळ-तेलाचा खर्च किती, हे सगळं कमी धरलेलं होतं. हिशेब दुरुस्त केल्यावर आकडा जवळजवळ तिप्पट आला. पुढे आंदोलनं झाली आणि मजुरी बारा रुपयांपर्यंत गेली. आता कॉर्निश आणि टेंपल आठवून बघा. शंभर वर्षांनी, स्वराज्यात, वाद तोच की राबणाऱ्या माणसाच्या पोटात किती जायला हवं. आणि दोन्ही वेळा तो वाद डॉक्टरने घातला, हे मला फार आवडतं. बंगांनी लाखो माणसांना एकही गोळी न देता जे दिलं, ते कुठल्या दवाखान्याच्या हिशेबात बसत नाही.

जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हेही असेच. १९७० साली ऊसतोडीला माणसं पाठवणाऱ्या त्या कोरड्या मुलखात ते गेले, तेव्हा लोकांनी त्यांना सांगितलं की आधी पाणी आणि अन्न, औषध मग बघू. त्यांनी ते ऐकलं. विहिरी-बोअर, मुलांचं जेवण, आणि गावातल्याच बायका आरोग्यसेविका म्हणून. त्यातल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. गावाने ज्यांच्या हातचं पाणी घेतलं नसतं त्यांच्या हातून गावाने बाळंतपणं करून घेतली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे मिळालं.

२०१९ नंतर काय झालं? बरंच काही. बीडमध्ये गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, असा नियम झाला. हंगामाला जाण्याआधी आणि आल्यावर आरोग्य तपासणी करावी असं ठरलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं, त्याला उसाच्या टनामागे पैसे लावले. मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. आणि योगायोग असा की त्याच २०१९ साली बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आमच्या माळेगावपासून हाकेच्या अंतरावर म्हणायला हरकत नाही.

वाईट म्हणवणार नाही. पण परवानगीच्या नियमाकडे नीट बघा. तो डॉक्टरला थांबवतो, आणि ते चांगलंच आहे. पण ज्या बाईला खरंच दुखतंय तिने मग काय करायचं? तिला आता परवानगी नाही आणि थांबायला सवडही नाही. वैद्यकीय महाविद्यालयात बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो, आणि सकाळी ती फडात असते. सरकारी औषध फुकट असेल, पण खाडा फुकट नाही. तिचं गरोदरपणाचं कार्ड बीडच्या अंगणवाडीत, आणि पोट इथे नीरेच्या काठी. लसीचा डोस राहिलेल्या पोराचं नाव ना इथल्या यादीत, ना तिथल्या.

गेल्या हंगामात गावी गेलो होतो. आता बऱ्याच ठिकाणी हार्वेस्टर फिरताना दिसतो, तरी अवघड रानात, छोट्या तुकड्यांत अजून कोयताच आहे. शेजारच्या फडावर एक मुकादम झाडाखाली बसून वही लिहीत होता. माणूस बोलका होता, त्याने वही दाखवलीसुद्धा. स्वच्छ अक्षर. डावीकडे नावं, मग गाव, मग उचल, मग बाकी, मग खाडे. सगळी नावं पुरुषांची. मी विचारलं, बायकांची? तो म्हणाला, 'त्या असतात की त्यातच, जोडी म्हणजे एकच कोयता.' मग खाडे कुणाचे लिहिता, असं विचारल्यावर त्याने रकान्यावर बोट ठेवून दाखवलं. तिथे काही तारखांपुढे बारीक अक्षरात 'बाई' असं लिहिलेलं होतं. पूर्ण वहीत त्या बायका तेवढ्याच जागी होत्या, ज्या दिवशी त्या कामावर आल्या नव्हत्या त्या दिवसाच्या घरात.